गेरूच्या रेघेतल्या गाड्या

थेटरात नोकरी केली म्हटलं की लोकांचे डोळे चमकतात. लग्नाच्या पंगतीत शेजारचा पाहुणा माझ्याकडे वळतो आणि विचारतो, "मग काय, फुकटात लय पिक्चर बघितलं असतील?" त्याला खरं सांगितलं तर त्याचा घास घशात अडकेल. टॉकीजचा मॅनेजर म्हणून माझी उमेदीची वर्षं गेली आणि त्यात एकही पिक्चर मी सलग पाहिला नाही. खेळ सुरू झाला की लोक आत गार अंधारात, आणि मी बाहेर उन्हात बैलांशी वाद घालत. संपादकांनी माझ्याकडे रुपेरी पडद्यामागचे अनुभव मागितले आहेत. पडद्यामागं माझ्या माहितीप्रमाणं कोळिष्टकं होती. तेव्हा मी आपला आवारातल्या गाड्यांबद्दल लिहितो, छापायचं की नाही ते त्यांनी ठरवावं.

ज्यांना हा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. टॉकीज चालवायला सरकारचा परवाना लागतो आणि तो मुदत संपली की नवा करून घ्यावा लागतो. त्याच्या अटी वाचल्या की वाटावं, पिक्चर दाखवणं हे यातलं किरकोळ काम आहे. वाळूच्या बादल्या कुठं, खुर्च्यांच्या रांगांत अंतर किती, मुताऱ्या कोणत्या बाजूला. त्यातच एक अट वाहनांची. मोटारी, टांगे, सायकली आणि बैलगाड्या यांना आवारात वेगवेगळी जागा पाहिजे, ती जमिनीवर रेषा आखून दाखवलेली पाहिजे, आणि बाहेर पडायच्या दारांपासून रस्त्यापर्यंतची वाट खेळ चालू असताना मोकळी पाहिजे. कारण उघड आहे. आत जाळ झाला, किंवा कुणी नुसतं 'जाळ' म्हणून ओरडलं, तरी सगळं थेटर त्या दारांतून बाहेर येणार. दारापुढं बैलगाडी आडवी असली तर माणसं दारातच चेंगरायची. अट कुणा शहाण्या माणसानं लिहिली होती, यात वाद नाही. पण त्यानं बाजारच्या दिवशी सांगलीत येऊन बघितलेलं नव्हतं.

मी मूळचा साताऱ्याचा आणि या नोकरीतलं माझं पहिलं पाऊलही साताऱ्यातच पडलं. तिथं गाड्या कमी, सायकली फार. सायकलवाल्यांचं एक बरं, त्यांना दटावता येतं. अडचण आली ती पाटणकडच्या एका पाटलांची. ते घोडीवर बसून आले आणि विचारू लागले, "घोडी कुटं लावू?" मी अटी आठवून बघितल्या. त्यात मोटार होती, टांगा होता, सायकल होती, घोडी नव्हती. मी म्हणालो, "टांग्यांच्या जागेत बांधा." झालं. पाटलांच्या मिशा थरथरायला लागल्या. "माजी घोडी टांग्याला जुपायची हाय व्हय रं?" शेवटी ती घोडी माझ्या हापिसाच्या ओसरीला बांधली. पोस्टरं कणकेच्या खळीनं चिकटवलेली असायची. पिक्चर सुटेपर्यंत घोडीनं पुढच्या आठवड्याची दोन पोस्टरं चाटूनपुसून खाल्ली होती. पाटलांनी बघितलं आणि म्हणाले, "चव बरी दिसतीय पिक्चरची," आणि निघून गेले.

साठ सालानंतर लवकरच मला सांगलीत विश्रामबागेकडच्या रस्त्यावरच्या एका टॉकीजवर मॅनेजरची जागा मिळाली. नुकतंच लग्न झालं होतं. बायको सुमन पाटणची. टॉकीजच्या मागंच दोन खोल्या नोकरीबरोबर मिळाल्या, त्यात आमचा संसार मांडला. मालक हळदीचे व्यापारी. हळदीत बरकत आली म्हणून त्यांनी टॉकीज काढली आणि टॉकीजमध्ये बरकत आली म्हणून नवी कोरी मोटार घेतली. माणूस मनाचा वाईट नव्हता, पण मोटार आल्यापासून त्यांची मान वळायची बंद झाली होती. सारखे समोर बघूनच बोलायचे.

हाताखाली दोघे खरे कामाचे. एक हवालदार तुकाराम, फौजेतून पेन्शनीत आलेला, दाराचा आणि आवाराचा राखणदार. घरी उसाची चांगली शेती होती, पण बूट घालून कुठंतरी उभं राहिल्याशिवाय त्याला अन्न पचत नसे. दुसरा शिवराम पेंटर. त्याच्या घरानं छप्पन साली बौद्ध धर्म घेतला आणि यानं गावकीची कामं सोडून ब्रश हातात धरला. पोस्टरवरची नटी तो अशी काढायचा की लोक तिकीट काढायच्या आधी तिच्यापुढंच उभे राहायचे. पडद्यावर ती तशी निघाली नाही तर शिव्या मात्र मला बसायच्या.

बाजारच्या दिवशी तीनचा खेळ म्हणजे आमची परीक्षा. आष्ट्याकडचे शेतकरी पहाटेच हळद-गूळ घेऊन निघायचे, पेठेत माल उतरवायचे आणि परतायच्या आधी पिक्चर बघायचे. रिकाम्या गाड्या धडाधड आवारात शिरायच्या. जिथं सावली तिथं गाडी, आणि एका गावाच्या सगळ्या गाड्या एकमेकीला चिकटून. सावली नेमकी बाहेरच्या दारांपुढं पडायची. आष्टेकरांचा म्होरक्या होता बापू माने. काळा, उंच, आवाज असा की आतल्या लोकांना पिक्चरमधलं बोलणं ऐकू येऊ नये. "बापू, दारापुढनं गाडी काढा," असं मी दर आठवड्याला म्हणायचो, आणि बापू दर आठवड्याला म्हणायचा, "म्यानेजर, दार हलवा. बैल आता सोडल्याती."

अशाच एका बाजारच्या दिवशी बांधकाम खात्याचे ओव्हरसियरसाहेब तपासणीला आले. शांत माणूस, हातात काळी छत्री. दारापुढं रवंथ करणारे बैल त्यांनी बघितले, छत्रीच्या टोकानं जमीन टोकरली आणि विचारलं, "रेषा कुठायत?" रेषा मारल्या होत्या कधीकाळी. त्या गाड्यांच्या चाकांनी आणि बैलांच्या मुतानं केव्हाच खाल्ल्या होत्या. साहेब म्हणाले, "पुढच्या महिन्यात बाजारच्याच दिवशी येतो, खेळ सुटायच्या वेळेला. तेव्हा रेषा, रेषेत गाड्या आणि दारापुढं वाट मोकळी दिसली पाहिजे. नाहीतर परवाना पुढं द्यायची शिफारस मी करणार नाही."

मालकांनी ते ऐकून घेतलं आणि समोर बघत मला म्हणाले, "मॅनेजर, परवाना गेला तर टॉकीज गेली. टॉकीज गेली तर तुमच्या दोन खोल्याही गेल्या. बघा बुवा." सुमनला तेव्हा दिवस गेले होते. रात्री मला जेवण गेलं नाही, हे कबूल करायला मला कमीपणा वाटत नाही.

दुसऱ्याच दिवशी शिवरामकडून चुन्याची फक्की मारून घेतली. सुंदर काम. सरळ पांढऱ्या रेघा, चौकोन एकसारखे, गाड्यांचे वेगळे, टांग्यांचे वेगळे, मोटारींचे वेगळे. दारापुढची वाट कोरी ठेवली, तिला एकही रेघ नाही. मी हापिसाच्या खिडकीतून बघत बसलो आणि बाजारच्या दिवसाची वाट बघू लागलो.

बाजारचा दिवस आला. गाड्या आल्या. फाटकातून आत शिरल्या आणि पहिलीच गाडी कासरा ओढून थांबली. मागच्या थांबल्या. बापू खाली उतरला, त्यानं चौकोनांकडं बघितलं, पागोटं सारखं केलं आणि सगळ्यांना दबक्या आवाजात म्हणाला, "सायेब यायचा हाय. चला, बाजूला घ्या." आणि सगळ्या गाड्या चौकोनांना वळसा घालून जिथं फक्की नव्हती तिथं, म्हणजे बरोब्बर बाहेरच्या दारांपुढं, जाऊन उभ्या राहिल्या. माझे पांढरेशुभ्र चौकोन रिकामे. त्यात एक कोंबडीसुद्धा नव्हती.

मी डोक्याला हात लावला. शिवराम शेजारीच होता. तो म्हणाला, "म्यानेजरसायेब, त्येंची काय चूक? गावाकडं फक्की कवा मारत्यात? मंत्री येनार आसला तर. फक्की मारली की त्येच्यावर पाय ठिवायचा न्हाई, पोलीस दांडकं घालतोय. आमी ल्हानपनापास्नं त्येच बघितलंय." हे खरं होतं. रस्त्याच्या दोन्ही कडांना चुना दिसला की आमच्या भागात माणूस आपोआप शेतातून चालायला लागतो. मीही चालतो. पण रेघा मारताना हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

पुढच्या बाजारी हवालदार तुकारामानं काम हाती घेतलं. फाटकात उभा राहून त्यानं शिट्टी मारली आणि ओरडला, "गाडी, एक लाइन में! दाहिने मूड!" बैल दाहिने काही मुडेनात. एक बैल मात्र शिट्टीनं बिचकून उसाच्या रसाच्या गुऱ्हाळात शिरला. बापू म्हणाला, "हवालदार, ह्यो बैल हाय, रंगरूट न्हाई." तुकारामाला ते फार लागलं. पुढं कितीतरी दिवस तो बैलांकडं बघायचासुद्धा नाही.

मी बापूला चौकोनात गाडी घालण्यासाठी हात जोडले. तो म्हणाला, "आवं, आत घातली आनि कुनी दंड लावला तर? तुमी भरनार हाय का?" मी म्हणालो, हे चौकोन तुमच्यासाठीच आहेत. त्यावर बापूनं असं बघितलं, जसं काही मी त्याला फुकटात घोडा देऊ केला होता.

दसरा तोंडावर आला होता. घरी आलो तर सुमन उंबऱ्याला गेरू लावत होती. मी खाटेवर बसून सगळी रडकथा सांगितली. ती हात न थांबवता म्हणाली, "आवं, मग फक्की कशापायी मारताय? फक्की सायबाची आसती. आपल्या मानसाला गेरू लावावा. पाटणला आमी खळ्याला सारवून गेरूची पट्टी वडतो, तितं आमची बैलं आपली आपन येऊन हुबी ऱ्हात्यात." मी म्हणालो, "बैलांना गेरू कळतो?" ती म्हणाली, "बैलांस्नी न्हाई कळत. बैल हाकनाऱ्याला कळतो. तुमाला कवा कळनार?"

मी तिथूनच उठून शिवरामकडं गेलो. आम्ही सगळं उलटं केलं. गाड्यांच्या जागेवरची फक्की खराट्यानं झाडून काढली. शिवरामच्या आईनं आणि आणखी दोघींनी शेणानं पट्ट्या सारवल्या, त्यावर शिवरामनं गेरूचे चौकोन ओढले. आणि पांढरी फक्की मारली ती फक्त बाहेरच्या दारांपासून रस्त्यापर्यंतच्या वाटेला, दोन्ही कडांना, अगदी मंत्र्याला मारतात तशी. कायद्यात रेषा पाहिजे असं होतं. रेषेचा रंग कायद्यानं सांगितला नव्हता, हे मी तीनदा वाचून खात्री करून घेतलं.

बाजारच्या दिवशी बापूची गाडी फाटकातून आत आली. तो पांढऱ्या वाटेपासून लांबनं वळला, गेरूच्या चौकोनापाशी आला, खाली वाकून बघितलं. मग त्यानं गाडी आत घातली आणि बैल सोडले. मागून सगळं आष्टं आत आलं. गावच्या गाड्या शेजारी-शेजारी लागाव्यात म्हणून मी चौकोन गाववार ठेवले होते, ते त्यांनी एका नजरेत ओळखलं. दारापुढची वाट रिकामी होती. मी खिडकीत बसून एकटाच हसत होतो.

हवालदार मात्र नाराज. त्याच्या मते हे बिनकवायतीचं यश होतं.

आणि तो दिवस आला. तीनचा खेळ संपत आला होता. गाड्या गेरूत, टांगे गेरूत, सायकली भिंतीला. पांढरी वाट कोरी करकरीत. शेवटचं गाणं सुरू झालेलं मला बाहेर ऐकू येत होतं, म्हणजे आता दारं उघडायची. तेवढ्यात फाटकात हॉर्न वाजला. मालक ओव्हरसियरसाहेबांना घेऊन स्वतःच्या मोटारीतून आले. ड्रायव्हरनं समोर दोन पांढऱ्या रेघा बघितल्या, त्या कुणासाठी हे त्यालाही जन्मापासून ठाऊक होतं. मोटार सरळ त्या वाटेतून आली आणि बाहेरच्या दारांपुढं नेमकी आडवी उभी राहिली. मालक खुशीत खाली उतरले. म्हणाले, "वा मॅनेजर, स्वागताची तयारी बरी केलीय."

साहेब उतरले. त्यांनी दाराकडं बघितलं, मोटारीकडं बघितलं आणि छत्री उघडून बाजूला जाऊन उभे राहिले. मी मालकांच्या कानाशी जाऊन म्हणालो, "मालक, मोटार इथनं काढायला सांगा. दारं उघडायची वेळ झालीय."

मालकांचा चेहरा बदलला. "माझ्या थेटरात माझी मोटार कुठं उभी करायची ते तुम्ही सांगणार?"

आता मी स्वभावानं तापट आहे, हे माझ्या घरच्यांना विचारलं तरी सांगतील. मी म्हणालो, "हो. ते सांगायचाच मला पगार देता."

"मग उद्यापासून तो पगार नको. येऊ नका कामावर."

"नाही येत," मी म्हणालो. "पण मोटार आत्ता काढा."

आत गाणं संपलं. हवालदार दाराला हात लावून उभा होता. त्यानं दार उघडलं नाही, मोटारीकडं बघत शिट्टी फुंकली, एकदा, लांब. ड्रायव्हरनं दचकून मोटार चालू केली आणि मालकांना न विचारता मोटारींच्या चौकोनात नेऊन लावली. मग दारं उघडली. लोक लोंढ्यानं बाहेर आले आणि पांढऱ्या वाटेनं, कुठंही न अडता, रस्त्याला लागले. साहेब ते नीट बघत होते.

मी हापिसात जाऊन कोट घेतला, डबा घेतला आणि निघालो. सुमनला काय सांगायचं, गरोदर बायकोला घेऊन कुठं जायचं, याच्यापलीकडं डोकं चालत नव्हतं. बापू गाडीच्या साटीवर बसून बैलांना पेंड घालत होता. "म्यानेजर," तो म्हणाला, "आजून सहाचा खेळ हाय न्हवं? डबा घिऊन कुटं?"

"नोकरी गेली, बापू."

त्यानं सगळं विचारून घेतलं. पेंडीचा हात धोतराला पुसला. मग मागं वळून त्या आवाजात, जो आतल्या पिक्चरला भारी पडायचा, सगळ्या गाड्यांना म्हणाला, "गड्यांनो, बैल जुपू नगासा."

एकही गाडी हलली नाही. लोक आपापल्या गाड्यांवर चढून बसले. कुणी पानाची चंची काढली, कुणी आडवा झाला. इकडं सहाच्या खेळाच्या गाड्या फाटकात यायला लागल्या. आत जागा नाही, म्हणून त्या रस्त्यावर उभ्या राहायला लागल्या, आणि साहेब अजून छत्री उघडून तिथंच होते. मालक धावत आले. "अरे, निघा की आता. खेळ सुटला."

बापू उठून उभा राहिला. अदबीनं बोलला, हे मला मुद्दाम सांगायचंय. "मालक, आमी रेघंच्या आत हाय. वाट मोकळी हाय. काय चुकलं आसंल तर सायबास्नी इचारा."

मालकांनी साहेबांकडं बघितलं. साहेबांनी छत्री मिटली. "रेषेतच आहेत," ते म्हणाले. "किती वेळ उभं राहायचं, याबद्दल नियमात काही नाही."

"पर तुमाला पायजे तरी काय?" मालकांची व्यापारी भाषा सुटून घरची बोली बाहेर आली.

"म्यानेजर पायजे," बापू म्हणाला. "नवा आला की नव्या रेघा वडनार. आमच्या बैलांस्नी पुन्हा शिकवाय आमाला येळ न्हाई. पेरनी करायची हाय."

मालक माझ्याकडं वळले. मोटार घेतल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं असावं. पुटपुटले, "मॅनेजर, आहात तुम्ही कामावर. यांना हलवा."

मागच्या गाडीवरून कुणीतरी म्हणालं, "हितं काय ऐकू आलं न्हाई."

मालक बुकिंगच्या खिडकीच्या कट्ट्यावर चढले. हळदीच्या सौद्यात बोली लावावी तसा आवाज काढून त्यांनी सांगितलं की मॅनेजर कामावर आहेत आणि राहतील. मग बैल जुंपले गेले. चाकं हलली, घुंगरं वाजली, एकेक गाडी बाहेर पडू लागली. साहेब जाताना मला म्हणाले, "शिफारस करतो. गेरूचं मात्र मी कुठंच वाचलेलं नाही," आणि चालत निघून गेले. मालकांच्या मोटारीत बसले नाहीत.

बापूची गाडी शेवटची. मी त्याच्याजवळ गेलो. आभार कसे मानतात ते मला त्या घडीला सुचेना. नुसतं म्हणालो, "बापू, माझ्यासाठी..."

"तुमच्यासाठी कुनी केलं?" तो म्हणाला. चौकोनातून बाहेर पडताना चाकाखाली गेरूची पट्टी खरवडली गेली. बापूनं कासरा ओढून गाडी थांबवली, खाली उतरला, वाकून ती जागा बघितली आणि बोटानं दाखवत म्हणाला, "शिवरामला म्हनावं, हितं पुन्हा वडून ठिव. आमची रेघ हाय ती."

मी मान हलवली. तोंड उघडलं असतं तर तिथंच रडलो असतो, आणि फाटकात सहाच्या गाड्या उभ्या होत्या.